पॅलिएटिव्ह केअर: केव्हा मागायची, कशी मागायची आणि घरी कशी निभवायची

डॉक्टरांच्या तोंडून 'पॅलिएटिव्ह केअर' हे शब्द ऐकले की घरच्यांच्या पोटात खड्डा पडतो. आता करण्यासारखं काही उरलं नाही, डॉक्टरांनी हात टेकले, असाच त्याचा अर्थ लावला जातो. मग ही मदत पुढे ढकलली जाते. पुढच्या केमोनंतर बघू, अजून तेवढी वेळ आलेली नाही, असं म्हणता म्हणता महिने निघून जातात आणि अखेरच्या आठवड्यात धावाधाव होते. मधल्या काळात रुग्णाने जे सोसलं, त्यातलं बरंचसं सोसायची गरज नव्हती. पुढचं सगळं वाचायला सवड नसेल तर एवढं तरी लक्षात ठेवा: ही मदत लवकर मागा. गंभीर आजाराचं निदान झाल्या दिवसापासून ती मागता येते.

आधी समजून घ्या, ही मदत कसली

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक उपचार. गंभीर आजारामुळे होणारा त्रास कमी करणं हे तिचं काम. दुखणं, धाप, मळमळ, झोप न लागणं, भीती, घरच्यांची ओढाताण, पुढचे निर्णय कसे घ्यायचे याचा गोंधळ, हे सगळं तिच्या कक्षेत येतं. केमोथेरपी, डायलिसिस, हृदयाची औषधं चालू असतानाच ती सोबत घेता येते. त्यासाठी दुसरे उपचार सोडायची अट नसते. हॉस्पिस हा तिचाच एक भाग, पण तो मुख्यतः शेवटच्या काही महिन्यांसाठी असतो. काही देशांत हॉस्पिसमध्ये नाव घालताना आजार बरा करण्याचे उपचार थांबवावे लागतात. या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळेच लोक घाबरतात.

ही मदत फक्त कॅन्सरसाठी असते, हाही मोठा गैरसमज आहे. हृदय निकामी होत जाणं, फुप्फुसांचे जुनाट आजार, किडनी किंवा यकृत निकामी होणं, पार्किन्सन्स, डिमेन्शिया, एचआयव्ही, पक्षाघातानंतरची अवस्था, लहान मुलांचे जन्मजात गंभीर आजार, या सगळ्यांत ती उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज असते आणि त्यातले २ कोटी ५७ लाख आयुष्याच्या शेवटच्या वर्षात असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना तिची गरज शेवटच्या वर्षाच्या कितीतरी आधीच लागलेली असते. प्रत्यक्षात ती मिळते मात्र साधारण १४ टक्के लोकांनाच.

लवकर सुरुवात केल्याने काय फरक पडतो, याचा एक अभ्यास २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर शरीरात पसरल्याचं नुकतंच कळलेले १५१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले आणि निम्म्यांना त्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस जास्त बरे गेले, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं आणि शेवटी शेवटी जाच करणारे उपचारही त्यांना कमी झाले. एवढं असून ते जगले मात्र जास्त: मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) काढला तर ११.६ महिने, तर पहिल्या गटातले ८.९ महिने. प्रत्येक आजारात आयुष्य वाढेलच असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण ही मदत घेतली की माणूस लवकर जातो, ही भीती मनातून काढून टाकायला एवढं पुरेसं आहे.

पहिली पायरी: गरज आहे का ते ओळखा

यासाठी डॉक्टर असायची गरज नाही. गेल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतंय का? दुखणं किंवा धाप औषधं घेऊनही आटोक्यात येत नाही का? वजन घटतंय, दिवसाचा बराच वेळ अंथरुणात जातोय, आधी स्वतः करायची ती कामं आता दुसऱ्याला करावी लागताहेत, असं आहे का? उपचार चालू ठेवायचे की नाही यावरून घरात वाद आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर विचारायची वेळ झाली आहे. आणि काळजी घेणारी व्यक्ती थकून गेली असेल, तर तेवढंही कारण पुरतं.

दुसरी पायरी: सरळ विचारा

डॉक्टर आपणहून सुचवतील म्हणून वाट बघत बसू नका. काही डॉक्टरांना वाटतं, हा विषय काढला तर रुग्णाचा धीर सुटेल. त्यामुळे तेही थांबतात, तुम्हीही थांबता, आणि रुग्ण मधल्या मधे सोसत राहतो. पुढच्या तपासणीला एवढंच म्हणा: "उपचार चालू ठेवूनच त्रास कमी करण्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला भेटायचं आहे. चिठ्ठी द्याल का?" मोठ्या रुग्णालयांत असा वेगळा विभाग असतो, तो नसेल तर वेदनाचिकित्सा विभाग किंवा कॅन्सर विभागात चौकशी करा. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थाही असतात. कुठेच काही सापडलं नाही तरी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना यातलं बरंच करता येतं. त्यांना "बरं कसं करायचं" याबरोबर "त्रास कसा कमी करायचा" हेही दर भेटीत विचारत राहा.

तिसरी पायरी: पहिल्या भेटीची तयारी

या भेटीत डॉक्टर, नर्स, समाजसेवक, कधी समुपदेशक किंवा फिजिओथेरपिस्टही असतात. इतर ठिकाणी पाच मिनिटांत तपासून मोकळं करतात तसं इथे होत नाही. बराच वेळ प्रश्न विचारले जातात. रुग्णाला आधी काय काम करायचात, घरी कोण कोण असतं, रात्री कशाची भीती वाटते, हेही विचारतील. बुचकळ्यात पडू नका. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातल्या समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. शरीराचं दुखणं, मनाची तगमग, पैशाची आणि नात्यांची काळजी आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, एक वाढलं की बाकीचीही वाढतात, ही समग्र वेदनेची कल्पना त्यांची. म्हणून टीम सगळंच विचारते.

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत: महत्त्वाचे रिपोर्ट, चालू असलेली सगळी औषधं (शक्यतो डब्यांसकट, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीचीही) आणि एक वही. वहीत आठवडाभर रोज दुखणं, थकवा, मळमळ, झोपाळूपणा, भूक, धाप, उदासी, काळजी आणि एकूण कसं वाटतंय, या नऊ गोष्टींना शून्य ते दहा असे आकडे द्या. शून्य म्हणजे त्रास अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. ही नऊ प्रश्नांची पद्धत कॅनडातल्या एडमंटन शहरात तयार झाली आणि आता जगभर वापरली जाते. आकडा रुग्णाने स्वतः सांगायचा. आपण अंदाजाने भरायचा नाही. बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, कूस बदलताना अंग आखडून घेणं याची नोंद करा.

चौथी पायरी: दुखण्याचा बंदोबस्त

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो.

पहिला नियम: दुखायची वाट पाहायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावं, घड्याळ लावून द्यावं आणि वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे पायरी वाढवावी, ही सूत्रं तिथून आली. पायरीच्या भागात नंतर बदल झाले, पण घड्याळाचं सूत्र आजही तितकंच खरं आहे. सतत दुखणाऱ्या माणसाला 'दुखेल तेव्हा घे' म्हणून गोळी दिली की तो दिवसभर दुखणं आणि आराम यांच्यात हेलपाटत राहतो, आणि एकदा भडकलेली वेदना विझवायला जास्त औषध लागतं. म्हणून आत्ता दुखत नसलं तरी ठरलेल्या वेळी डोस द्या. दोन डोसांच्या मधे अचानक कळ आली तर घ्यायचा जादा डोस डॉक्टर वेगळा लिहून देतात. तो किती आणि दिवसातून किती वेळा, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. दिवसातून अनेकदा तो लागायला लागला तर मूळ डोस अपुरा पडतोय असं समजून फोन करा.

दुसरी गोष्ट मॉर्फिनची. नाव ऐकूनच अनेक घरांत 'नको, सवय लागेल' असं होतं. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताबेताने वाढवलेलं मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णात व्यसन क्वचितच लागतं. काही आठवडे घेतल्यावर शरीराला औषधाची सवय होते, हे खरं. म्हणून ते एकाएकी बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. पण शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' हेही खोटं आहे. रेडिएशनने किंवा शस्त्रक्रियेने दुखण्याचं कारण गेल्यावर मॉर्फिन बंद झालेले रुग्ण कितीतरी असतात.

त्याचे दुष्परिणाम मात्र नीट माहीत हवेत. सुरुवातीचे काही दिवस झोपाळल्यासारखं होतं, मळमळतं. हे बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून मॉर्फिनसोबत पोट साफ होण्याचं औषधही पहिल्या दिवसापासूनच सुरू करायला हवं, आणि डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या. मॉर्फिन दुखण्यावर नीट काम करत असतानाही केवळ पोट साफ न झाल्याने रुग्ण बेजार होतो आणि दोष मात्र औषधाला जातो. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन शरीरात साठतं, तेव्हा तो मुद्दा आठवणीने सांगा. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावून द्यायच्या नाहीत. बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरू शकतं. त्वचेवर लावायची वेदनाशामक पट्टी असेल तर तिच्यावर शेकायची पिशवी ठेवू नका, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेणं धोक्याचं. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर ताबडतोब फोन करा. औषध कुलपात ठेवा, लहान मुलांच्या आणि इतरांच्या हाती लागू देऊ नका.

आणि सगळ्या वेदना मॉर्फिनला दाद देत नाहीत. जळजळ, मुंग्या, विजेच्या झटक्यासारखी कळ, असं वर्णन असेल तर ती नसेची वेदना असू शकते. तिच्यासाठी गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं असतात. म्हणून 'दुखतंय' एवढ्यावर न थांबता कसं दुखतंय, कुठून कुठे जातंय, कशाने वाढतं, हे सांगा.

बाकीचे त्रास

धाप लागली की पाठ टेकवून उंच बसवा किंवा टेबलावर उशी ठेवून पुढे झुकून टेकू द्या, खिडकी उघडा, छोटा पंखा चेहऱ्यावर सोडा. गालांवर आणि नाकाभोवती वारा लागला की धापेची जाणीव कमी होते. हा उपाय साधा आहे, पण अभ्यासांतही त्याचा उपयोग दिसला आहे. रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल तर सिलिंडरचा फारसा फायदा होत नाही. थोड्या मात्रेतलं मॉर्फिन धापेवरही देतात, तेव्हा 'त्यांना दुखत तर नाही' म्हणून ते बंद करू नका.

तोंडाची काळजी बहुतेक घरांत राहून जाते. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात, ओठांना मलम, थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा घोट किंवा ओला बोळा. तोंडात पांढरे डाग दिसले तर बुरशी असू शकते, औषधाने ती जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदला आणि माकडहाड, टाचा, खांदे रोज बघा. त्वचा लाल होऊन दाबल्यावरही लालीच राहिली तर जखम व्हायच्या आधीच नर्सला दाखवा.

काही गोष्टी वाट बघायच्या नसतात. कॅन्सरच्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली आणि पायांतलं बळ गेलं, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. हे तासांचं काम आहे, दिवसांचं नव्हे. केमोनंतर ताप, मोठा रक्तस्राव, फिट, एकाएकी बरळायला लागणं, यांतही लगेच फोन. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

पाचवी पायरी: जे बोलायचं टाळलं जातं ते बोला

'त्यांना काही कळू देऊ नका' असं घरचे डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात. त्यामागे प्रेमच असतं. पण स्वतःचं शरीर रुग्णाला आपल्याआधी कळलेलं असतं. मग तो घरच्यांसाठी आणि घरचे त्याच्यासाठी नाटक करत राहतात, आणि ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलायला हवं त्याच्याशीच बोलणं बंद पडतं. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. विचारा: "तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं? किती जाणून घ्यायचं आहे?" जितकं हवं तितकंच सांगा. 'मला नको सांगू, मुलीशी बोला' असं कुणी म्हणालं तर तेही मान्य करा. घरातल्या लहान मुलांनाही त्यांना कळेल अशा शब्दांत खरं सांगावं. नाहीतर आपल्याच हातून काही चुकलं, असं ती धरून बसतात.

उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हा: "याने आजार बरा होईल, आटोक्यात राहील, की फक्त थोडे दिवस मिळतील? आणि ते दिवस कसे असतील?" प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबा, मधली शांतता भरून काढायची घाई करू नका.

मग रुग्णाची इच्छा. स्वतः बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीने कुणी निर्णय घ्यावा? शेवटचे दिवस कुठे काढायला आवडेल? व्हेंटिलेटर, छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करणं, नळीने अन्न, यांतलं काय चालेल आणि काय नको? आजार खूप पुढे गेलेला असताना छातीवर दाब देऊन माणूस परत येण्याची शक्यता फारच कमी असते, हे डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्या. अशा इच्छा लिहून ठेवण्याचे कायदे देशोदेशी वेगवेगळे आहेत. तुमच्या ठिकाणी कोणता कागद आणि कुणाच्या सह्या लागतात हे टीममधल्या समाजसेवकाला विचारा. लिहिलेलं नंतर कधीही बदलता येतं. आणि हे सगळं तब्येत बरी असताना ठरवायचं असतं. आयसीयूच्या दाराशी उभं राहून कुणालाच नीट विचार करता येत नाही.

काळजी घेणाऱ्यासाठी

एकाच माणसावर सगळं टाकू नका. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काम सांगा: मंगळवारी दुपारी दोन तास येऊन बसा, औषधं आणून द्या. अनेक सेवांमध्ये रुग्णाला काही दिवस ठेवून घेऊन घरच्यांना विसावा देण्याची सोय असते; ती वापरण्यात कसलाही अपराध नाही. तुमची झोप, तुमचं जेवण, तुमची स्वतःची औषधं याविषयीही टीमशी बोला. ते त्यांच्या कामातच मोडतं.

शेवटचे दिवस

माणूस जास्त झोपू लागतो, खाणंपिणं कमी होत जातं, हातपाय गार पडतात, श्वास अनियमित होतो, मधेच काही सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो. घशातून घरघर येते. पाहणाऱ्याला ती भयानक वाटते, रुग्णाला मात्र तिचा त्रास होत असल्याचं सहसा दिसत नाही. कुशीवर वळवलं की बऱ्याचदा ती कमी होते. गिळता येत नसेल तर औषधं त्वचेखाली बारीक सुईने देता येतात. त्याची तजवीज आधीच करून ठेवा.

खाण्यावरून घरात सगळ्यात जास्त ताण होतो. 'खाल्लं नाही तर ताकद कशी येईल' म्हणून घास भरवत राहणं स्वाभाविक आहे. पण शरीर बंद होत असताना भूक मरते. अन्न थांबल्यामुळे माणूस जात नसतो, माणूस जायला लागल्यामुळे अन्न थांबतं. जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. सलाईनचं पाणीही या टप्प्यावर अनेकदा अंगात आणि छातीत साचून त्रास वाढवतं. ओठ ओले ठेवा, हात धरा, नेहमीच्या आवाजात बोलत राहा. प्रतिसाद नसला तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते.

घरीच मृत्यू होणार असेल तर त्या वेळी कुणाला बोलवायचं आणि दाखला कोण देणार, हे डॉक्टरांशी आधी ठरवा. नाहीतर घाबरून कुणीतरी रुग्णवाहिका बोलावतं आणि रुग्णाला नको असलेलंच सगळं होतं.

त्यानंतर

उरलेलं मॉर्फिन आणि पट्ट्या टीमकडे किंवा औषधाच्या दुकानात परत द्या. दुसऱ्या कुणाला दुखतंय म्हणून ती देऊ नका आणि कचऱ्यातही टाकू नका. चांगल्या पॅलिएटिव्ह टीम मृत्यूनंतरही काही आठवड्यांनी घरी फोन करतात किंवा भेटायला येतात. त्या भेटीत 'मी अजून थोडं केलं असतं तर' हा सल मनात असेल तर तो बोलून दाखवा. कोणती लक्षणं आजाराचीच होती आणि कशावर कुणाचाही इलाज नव्हता, हे ते समजावून सांगू शकतात. काही महिने उलटूनही झोप, भूक, काम काहीच पूर्ववत होत नसेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर तेव्हा थांबू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.